शब्दांचे सोयरे आणि शेजारी

आजच्या माझ्या भाषणाचा उगम एका पराभवांत आहे, आणि तो पराभव माझ्याच घरांत, दिवेलागणीच्या सुमारास, माझ्या धाकट्या मुलीकडून झालेला आहे. ती इंग्रजी शब्दांचीं स्पेलिंगें पाठ करीत बसली होती. 'रिस्ट' म्हणजे मनगट, हा शब्द आला. डब्ल्यू, आर्, आय्, एस्, टी असें तिनें चारदां घोकलें आणि मग वही मिटून मला विचारलें, "बाबा, हा पहिला डब्ल्यू बोलत तर कांहींच नाहीं. मग त्याला दाराशीं बसवून कशाला ठेवला आहे?" मीं उत्तर दिलें, "असतें तसें. पाठ कर." ज्याला उत्तर येत नाहीं तो वडीलकीचा आश्रय घेतो, त्यांतलाच हा प्रकार. मुलीनें मुकाट्यानें पाठ केलें, पण तिचा प्रश्न कांहीं माझी पाठ सोडीना.

घरांत निजानीज झाल्यावर मीं इंग्रजी कोश काढला आणि डब्ल्यू-आर् या दोन अक्षरांनीं सुरू होणारे शब्द जेथें येतात तें पान उघडलें. हे शब्द फार नाहींत. एका बैठकींत वाचून होतात. आपणहि केव्हां तरी वाचून पाहा. 'रिंग' म्हणजे ओलें धोतर पिळणें. 'रेंच' म्हणजे हिसडा देऊन पिरगाळणें. गाडीच्या कारखान्यांत ज्याला पाना म्हणतात तोहि रेंचच. 'रीथ' म्हणजे फुलांचें गोल वळलेलें कडें. 'रेसल्' म्हणजे कुस्ती, अर्थात् हातापायांचे पेंच. 'रिंकल्' म्हणजे सुरकुती, 'रिगल्' म्हणजे वळवळणें, 'राइद' म्हणजे वेदनेनें अंग पिळवटणें, आणि तोंड वाकडें केलें तर त्याला विशेषण 'राय'. आणि आमचें तें मनगट! शरीराच्या ज्या सांध्यावर हात सहज फिरतो तो सांधा. एका पानावर जणूं दोर वळणाऱ्यांची आळीच वसलेली होती.

मला वाटलें, आपण कांहीं नवीनच शोधून काढलें. दोन दिवसांनीं वाचनांत आलें कीं, हा शोध साडेतीनशें वर्षांहून जुना आहे. ऑक्सफर्ड येथें जॉन वॉलिस नांवाचे भूमितीचे प्राध्यापक होते. गणितांत अनंताची खूण म्हणून आडवा आठ काढतात, ती प्रथम वापरणारे हेच गृहस्थ. त्यांनीं १६५३ सालीं इंग्रजी भाषेचें एक व्याकरण लॅटिनमध्यें लिहून प्रसिद्ध केलें. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी सोपी जावी हा त्यांचा एक हेतु होता, आणि त्या ओघांत शब्दांच्या आरंभींच्या अक्षरांत अर्थाची कांहीं खूण आहे काय, हें त्यांनीं तपासलें. डब्ल्यू-आर् असेल तेथें वक्रता किंवा पीळ, एस्-टी-आर् असेल तेथें बळ किंवा जोर, अशा याद्या त्यांनीं दिल्या. गणिती माणूस शब्दांकडे वळला म्हणजे त्याला शब्दांतहि सूत्रें दिसूं लागतात. तीं सगळींच टिकणारीं नव्हतीं. पण डब्ल्यू-आर् चें सूत्र बरेंच टिकलें.

तें टिकण्याचें कारण असें कीं, यांतले पुष्कळसे शब्द खरोखरच एका कुळांतले आहेत. फार प्राचीन काळीं 'वळणें, फिरणें' या अर्थाचा एक धातु होता. त्याच्या संस्कृतांतील वंशजाला आपण वृत् म्हणतों. वर्तुळ, आवर्त, परिवर्तन हे सारे त्याचेच. डब्ल्यू-आर् च्या आळीचें मूळ भाषापंडित त्याच धातूपर्यंत नेऊन भिडवतात. आणि हजार वर्षांपूर्वीं इंग्लंडांत हा डब्ल्यू मुका नव्हता. ते लोक मनगटाला 'व्रिस्ट' म्हणत आणि तो वकार स्पष्ट ऐकूं येई. सतराव्या शतकाच्या सुमारास जिभेनें तो टाकला. लेखणीनें मात्र टाकला नाहीं. स्वीडनमध्यें 'पिळणें' या अर्थाचें क्रियापद आजहि 'व्रीदा' असें वकारासह उच्चारतात.

सर्वांत गंमत मला 'राँग' या शब्दाची वाटली. त्याचाहि आरंभ डब्ल्यू-आर् नें होतो. चूक, अयोग्य हा त्याचा आजचा अर्थ. मूळचा अर्थ नुसता 'वाकडा'. आपणहि वाकड्या वाटेनें जाणाऱ्याला नांवें ठेवतों आणि "माझें काय वाकडें करणार?" असें विचारतों. सरळ तें योग्य आणि वाकडें तें वाईट, ही समजूत दोन्हीं लोकांच्या शब्दांत सारखीच मुरलेली आहे.

परंतु याच पानावर 'राइट' म्हणजे लिहिणें आणि 'रेक' म्हणजे फुटलेलें गलबत हेहि बसलेले आहेत. त्यांचा पिळण्याशीं संबंध नाहीं. लिहिणें म्हणजे मूळचें ओरखडणें. लांकडावर किंवा दगडावर टोंकदार वस्तूनें रेघा कोरणें. अक्षरें तींच, पण कूळ निराळें. आळींत राहतो तो प्रत्येकजण भाऊबंद असतोच असें नाहीं.

जातां जातां के-एन् या जोडीकडे पाहूं. येथेंहि पहिलें अक्षर मुकें. 'नी' म्हणजे गुडघा आणि 'नो' म्हणजे जाणणें. यांतील पहिला आपल्या जानु शब्दाचा भाऊ आणि दुसरा ज्ञा धातूचा. जर्मन मनुष्य आजहि गुडघ्याला 'क्नी' म्हणतो आणि ककार स्वच्छ उच्चारतो. इंग्रजानें तो गिळला म्हणून आपण त्याला हंसतों. पण ज्ञानेश्वरांचें नांव घेतांना आपण तरी काय करतों? लिहितांना ज् आणि ञ्, आणि बोलतांना द्न्य. हिंदी बोलणारा ग्य म्हणतो, गुजराती ग्न म्हणतो. मूळचें जें होतें तें लिपीनें सांभाळलें आहे आणि जिभेनें प्रत्येक प्रांतांत आपल्या सोयीनें बदललें आहे. एकच शब्दकूळ, आणि त्याचें पहिलें जोडाक्षर लंडनांतहि अडचणीचें ठरलें आणि पुण्यांतहि.

टी-डब्ल्यू ची गोष्ट तर दोन वाक्यांत संपते, कारण तेथें शंकेला जागाच थोडी. दोन, जुळें, दोनदां, वीस, दुबेळकें असलेली डहाळी, दोन पदरी दोरा, या सर्वांना इंग्रजींत टी-डब्ल्यू नें आरंभ होणारे शब्द आहेत, आणि आपला द्वि त्यांचा सख्खा. 'ट्विल' नांवाचें कापड बाजारांत मिळतें, त्याचा अर्थ मुळांत दोन सुतांचें, म्हणजे शब्दशः आपली दुसुती. बारा या संख्येला 'ट्वेल्व्ह' म्हणतात, कारण दहा मोजून झाल्यावर दोन शिल्लक राहतात. चिमण्यांच्या चिवचिवाटाचा 'ट्विटर' मात्र या द्वैतांतला नव्हे; तो चिमण्यांनीं स्वतःच शिकवला असला पाहिजे.

येथपर्यंत सारें सुरळीत आहे. अक्षरें सारखीं, अर्थ जवळचा, आणि कारण काय, तर रक्ताचें नातें. शास्त्र्यांनीं वंशावळ काढून दिली कीं काम झालें. पण श्रोतेहो, आतां मी ज्या दोन वस्त्यांकडे आपणांस नेणार आहें तेथें वंशावळ पुरी पडत नाहीं, आणि मला खरें कुतूहल आहे तें त्यांचेंच.

पहिली वस्ती जी-एल् ची. 'ग्लो', 'ग्लीम', 'ग्लिटर', 'ग्लिमर', 'ग्लिंट', 'ग्लेअर': मंद प्रकाश, किरण, चकाकी, लुकलुक, चमक, डोळे दिपवणारा झोत. 'ग्लास' म्हणजे कांच, 'ग्लॉस' म्हणजे झिलई, 'ग्लान्स' म्हणजे चमकून गेलेली नजर. सोनें आणि पिवळा रंग यांचे इंग्रजी शब्द आपल्या हिरण्य आणि हरित या शब्दांचे नातलग आहेत, आणि जी-एल् च्या तेजस्वी मंडळींपैकीं पुष्कळांना पंडित याच घराण्यांत बसवतात. 'ग्लॅड' म्हणजे आनंदित. पण जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ तेजस्वी, लखलखीत असाहि होता. आपण पाण्याला प्रसन्न म्हणतों आणि मनालाहि प्रसन्न म्हणतों, तसेंच हें.

पण 'ग्लॅमर' घ्या. सिनेमाच्या कृपेनें हा शब्द आतां आपल्या घराघरांत पोंचलेला आहे. झगमगाट, मोहिनी, डोळ्यांवर पडलेली भूल. याचा जन्म कोठला असेल? व्याकरणांतला! 'ग्रामर' याच शब्दाचें हें स्कॉटलंडमधलें रूपांतर आहे. ज्याला लिहितां-वाचतां येतें, जो व्याकरण जाणतो, त्याला जादूटोणाहि येत असला पाहिजे अशी अडाणी जगाची समजूत. त्यामुळें व्याकरण या शब्दालाच जादू हा अर्थ चिकटला. पुढें उच्चारांत र चा ल झाला, आणि सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनांतून तो शब्द इंग्रजी वाचकांत पसरला. आरंभीं त्याचा अर्थ नजरबंदी. आज तो अर्थ चकाकीकडे झुकला आहे. जी-एल् चा पोशाख अंगावर आल्यावर तो त्या दिपवणाऱ्या मंडळींत इतका बेमालूम मिसळला कीं, त्याचा बाप शाळेंतला व्याकरणाचा तास होता हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. सोयरीक नसतां केवळ शेजारानें माणसाचा स्वभाव बदलावा तसा हा प्रकार आहे.

दुसरी वस्ती एस्-एन् ची. तेथें नाकाचें राज्य आहे. हुंगणें, घोरणें, शेंबूड, तपकीर, जनावराचें मुस्कट, घोड्याचें फुरफुरणें, कुत्र्याचें दांत विचकून गुरगुरणें, या सर्वांना एस्-एन् नें सुरू होणारे शब्द आहेत. आणि तिरस्कार दाखवण्याचें कामहि नाकाकडेच असल्यामुळें, आपण जेथें नाक मुरडतों तेथें इंग्रज 'स्नीअर' करतो. शिंकेला 'स्नीझ' म्हणतात. आतां ही शिंक पाहा. जुन्या इंग्रजींत ती एस् नें नव्हे, एफ् नें सुरू होत असे. क्रियापद होतें 'फ्नेओसन्'. मोटारीच्या हवा भरलेल्या न्यूमॅटिक टायरच्या नांवांत आरंभीं जो मुका पी आहे, त्याचें आणि या शिंकेचें कूळ एक. दोहोंच्या मुळाशीं श्वास आहे. पुढें इंग्रजींतून एफ्-एन् ही जोडीच नाहींशी होत चालली. जुन्या हस्तलिखितांत एफ् आणि लांब काढलेला एस् हे जवळजवळ सारखे दिसत, म्हणून वाचणाऱ्यांची गफलत झाली असेल, असें कांहीं जण म्हणतात. असेलहि. पण बेघर झालेल्या त्या शिंकेनें आसरा घेतला तो नेमका नाकवाल्यांच्या वस्तींत, हें मला नुसत्या वाचनाच्या गफलतीचें काम वाटत नाहीं. ती आपल्या माणसांत गेली.

अशा वस्त्यांना नांव देणारे पंडित जे. आर्. फर्थ. त्यांनीं १९३० सालीं 'स्पीच' या छोट्या पुस्तकांत त्यांना 'फोनस्थीम' ही संज्ञा दिली. फर्थ साहेब १९१९ पासून १९२८ पर्यंत लाहोर येथें पंजाब विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक होते. जेथें झगमग, लखलख, सळसळ असे शब्द पोरासोरांच्या तोंडीं असतात अशा मुलखांत नऊ वर्षें काढलेल्या माणसाचें लक्ष पुढें या विषयाकडे जावें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं. मात्र हा माझा तर्क आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या अक्षरांत जात्या अर्थ नाहीं. एकाच आरंभाचे आणि जवळच्या अर्थाचे शब्द आपण पुनःपुन्हां ऐकतों, त्यामुळें कानाला संवय लागते, आणि मग ती संवय नव्या शब्दांनाहि आपल्याकडे ओढते.

ही नुसती कल्पना नव्हे. बेंजामिन बर्गेन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें २००४ सालीं प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसांपुढें एकामागून एक असे दोन शब्द ठेवायचे आणि दुसरा शब्द ओळखायला किती वेळ लागतो तें मोजायचें. दोन्ही शब्द जी-एल् चे आणि दोन्ही प्रकाशाचे असले, तर दुसरा लवकर ओळखला जाई. नुसतीं अक्षरें सारखीं असून, किंवा नुसता अर्थ जवळचा असून, तितकें साधत नसे. म्हणजे ही वस्ती कोशाच्या पानावरच नव्हे, बोलणाऱ्याच्या डोक्यांतहि वसलेली आहे.

आतां येथें मला एक कबुली दिली पाहिजे, कारण या वस्त्यांवर विसंबून मीं एकदां चांगलीच ठोकर खाल्ली आहे. पंचविशींत असतांना मीं एका इंग्रजी गोष्टीचें भाषांतर एका मासिकाला दिलें. त्यांत एक वृद्ध काका आपल्या पुतण्याकडे पाहून 'ग्लावर' करतो. शब्द नवा होता. कोश शेजारच्या खोलींत होता. आळस माझा होता. जी-एल् पाहिलें, 'ग्लो' आठवला, आणि मीं बिनदिक्कत लिहिलें, "पुतण्याला पाहतांच वृद्धाची मुद्रा उजळली." वास्तविक त्या शब्दाचा अर्थ डोळे वटारून रागानें पाहणें. तें भाषांतर तसेंच छापून आलें. पंधरा दिवसांनीं एका वाचकाचें कार्ड आलें: ज्या पुतण्याला पाहून काकांची मुद्रा उजळली त्यालाच त्यांनीं पुढच्या पानावर घराबाहेर कां काढलें, याचा कृपया खुलासा व्हावा. खुलासा मीं आज करीत आहें.

तेव्हां मुलांना शब्द शिकवतांना या आळ्या जरूर दाखवाव्या; तीस शब्द सुटे घोकण्यापेक्षां एका धाग्यांत ओवलेले लवकर लक्षांत राहतात. पण अपरिचित शब्दाचा अर्थ आरंभावरून ठरवूं नये. जी-एल् च्याच पानावर हातमोजा आहे, सरस आहे आणि अधाशी माणूसहि आहे. नाकवाल्यांच्या वस्तींत बर्फ आहे आणि सापहि आहे. कांहीं अक्षरें तर निव्वळ खोट्या वंशावळीचीं असतात. स्कॉटलंडच्या डोंगरांत 'टार्मिगन' नांवाचा पक्षी आहे. त्याचें नांव तेथल्या गेलिक भाषेंतलें. सतराव्या शतकांत त्याच्या आरंभीं एक मुका पी बसवण्यांत आला, कारण तो शब्द पंखवाचक ग्रीक शब्दासारखा भासला. आपल्याकडे पैसा आल्यावर कुळाचा संबंध सूर्यवंशाशीं जोडून देणारे भाट असत, त्यांचीच ही जात.

कोणी म्हणेल, ग्ल या ध्वनींतच कांहीं तेज असेल तर? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसक शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक मानतात, नैयायिक तो संकेतानें ठरलेला मानतात. निरुक्तकार यास्कानें कावळ्याचें काक हें नांव त्याच्या आवाजावरून आलें असें सांगितलें, आणि लगेच औपमन्यवाला तें मान्य नसल्याचीहि नोंद केली. मी या थोरांच्या मध्यें पडत नाहीं. फक्त आपल्या घरांतले शब्द पुढें ठेवतों. आपल्याकडे ग्ल नें सुरू होणारा नित्याचा शब्द ग्लानि. त्यांत तेज कसलें, असलेलें तेज ओसरल्याचीच खूण. अमरकोश पाठ असलेले श्रोते मला येथें अडवतील, कारण चंद्राच्या नांवांत ग्लौ हेंहि एक नांव आहे. अडवावें, मीं तें मुद्दाम सांगितलें. एक प्रकाशाचा आणि एक मावळतीचा, एवढ्यानें वस्ती होत नाहीं. स्न ची स्थिति तर उघडच आहे: स्नान, स्नेह, स्नायु, स्नुषा. यांत नाक शोधून सांपडणार नाहीं.

मग मराठीची स्वतःची वस्ती कोणती? दुसऱ्या दिवशीं मीं मुलीला मनगट फिरवून दाखवलें, धोतर पिळून दाखवलें आणि डब्ल्यू दाराशीं कां बसला आहे तें सांगितलें. तिनें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आपल्यांत असें कांहीं नाहीं का?" आम्ही दोघांनीं मोल्सवर्थचा कोश उघडला आणि फु वर बोट ठेवलें. फुंकणें, फुंकर, फुगणें, फुगा, फुत्कार, फुरफुरणें, फुसफुसणें, फुसका, फुप्फुस. ओठांतून वारा सोडल्याशिवाय यांतला एकहि शब्द म्हणतां येत नाहीं, आणि प्रत्येकांत वारा भरलेला तरी आहे किंवा निघून गेलेला तरी आहे. फुलणें हा शब्द यांत घ्यावा कीं नाहीं यावर आमचा बराच वाद झाला. शेवटीं भाकरी फुगते तशी कळी फुलते, या तिच्या युक्तिवादापुढें मी हरलों. यादी अजून वाढते आहे. काल तिनें तिच्यांत फुकट हा शब्द घातला. मीं त्याच्यापुढें पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह काढून ठेवलें आहे.